हजेरी आणि बैठक : शहापूर-मुरबाडच्या सकाळचा इतिहास



आजचा विषय वरवर पाहता इतिहासाचा वाटणार नाही. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी एखादी टोळी किंवा एखादी टीम दहा-पंधरा मिनिटं एकत्र उभी राहते, आज काय करायचं ते बोलते आणि कामाला लागते. वासिंद-आसनगावहून लोकल पकडून ऐरोली, ठाणे, पवईच्या कंपन्यांत जाणारी आपली मुलं याला 'स्टँडअप' म्हणतात. मुरबाडच्या एमआयडीसीत शिफ्ट सुरू होताना सुपरवायझर माणसं गोळा करतो, ती 'शिफ्ट मीटिंग'. रस्त्याच्या, पुलाच्या कामावर हेल्मेट घालून उभं राहतात, त्याला 'टूलबॉक्स टॉक' म्हणतात. नावं सगळी इंग्रजी. त्यामुळे ही गोष्ट परवापरवा बाहेरून आली आणि ती कशी चालवायची हेही बाहेरच्यांनीच शिकवायचं, असा आपला समज झालेला आहे.

आम्ही आज असं मांडणार आहोत की सकाळचं हे उभं राहणं आपल्या दोन तालुक्यांना फार जुनं आहे. ते इथे तीन वाटांनी आलं. एक वाट हजेरीची, दुसरी रेल्वेच्या गँगची आणि तिसरी सावडीची. तिन्हींत माणसं सकाळी एका जागी जमतात, पण कशासाठी जमतात आणि कोण बोलतं, हे तिन्हींत वेगळं आहे. आज कुणी टीम चालवत असेल तर आपली सकाळ यांतल्या कुठल्या वाटेवरची आहे, हे त्याला कळलं पाहिजे. पुढचं सगळं त्यावरून ठरतं.

पहिली वाट घेऊ. तिची सुरुवात हजेरीच्याही आधी, वेठीपासून होते. 'वेठ' हा शब्द संस्कृत 'विष्टि'वरून आलेला. इसवी सन १५० च्या सुमाराचा जुनागढचा शिलालेख आहे, महाक्षत्रप रुद्रदामनाचा. वादळात फुटलेला सुदर्शन तलावाचा बांध आपण प्रजेवर जाचक कर आणि वेठ न लादता पुन्हा बांधला, असं तो त्यात अभिमानाने सांगतो. आता बघा, वेठ घेतली नाही ही गोष्ट राजाला दगडावर कोरून ठेवावीशी वाटते. म्हणजे एरवी ती घेतली जात असणार!

ठाणे जिल्ह्यात वेठ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. जमीनदाराच्या माणसाने पाड्यावर यायचं, बोलवायचं, आणि आदिवासी मजुराने घरचं काम टाकून निघायचं. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही सावकाराकडे राबत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. जानेवारी १९४५ मध्ये आपल्या शेजारच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांनी उभा केलेला लढा त्याच वर्षी उंबरगाव-डहाणूकडे पेटला. गोदावरीबाईंनी तो 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवला आहे. वेठबिगारी देशभर कायद्याने रद्द व्हायला मात्र १९७६ साल उजाडलं.

आपल्या विषयापुरतं त्यातून काय घ्यायचं? वेठीच्या सकाळी आवाज एकच होता. काम काय, किती वेळ, मोबदला काय, हे विचारायची सोयच नव्हती. माणूस आला की नाही, एवढाच प्रश्न. आला नाही तर का आला नाही, घरी कोण आजारी आहे, याच्याशी बोलावणाऱ्याला देणंघेणं नव्हतं.

यानंतरची पायरी हजेरीची. इथे थोडं थांबू, कारण हजेरीला नावं ठेवणं सोपं आहे आणि तो अन्याय होईल. वेठीत माणसाचं नाव कुठेच लागत नव्हतं. हजेरीपटावर नाव लागलं, की त्या दिवसाच्या मजुरीवर त्याचा हक्क तयार झाला. रोजगार हमीचा इतिहास आठवा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ही कल्पना. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, तिचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. सरकारकडे काम मागायचा हक्क! या हक्काचा रोजचा पुरावा कोणता, तर मस्टर. शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांतल्या बाईला 'मस्टरवर नाव आहे का' हा प्रश्न म्हणजे आठवड्याच्या किराणाचा प्रश्न. मस्टर खोटं भरलं गेलं, तर तिची मजुरी दुसऱ्याच कुणाच्या खिशात जाते. म्हणून हजेरी हवी, ती चोख हवी, आणि ती सगळ्यांसमोर हवी.

पण हजेरीने एकच गोष्ट कळते, माणूस हजर आहे. 'हजेरी' शब्द 'हाजिर'वरूनच आला. दगड फुटत नाही, घमेली कमी पडताहेत, पाण्याची सोय अर्ध्या मैलावर आहे, कालचं मोजमाप चुकलंय, यातलं काहीही मस्टरच्या रकान्यात बसत नाही. पुढे केंद्राचा २००५ चा कायदा आला, कागदी मस्टर संगणकावर गेलं, आणि १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर मोबाइलच्या ॲपमधून दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी घेणं सक्तीचं झालं. खोट्या हजेरीला आळा बसावा हा हेतू. आता डोंगरातल्या पाड्यावर जिथे मोबाइलला रेंज येत नाही, तिथे मुकादम आणि मजूर या दोघांचीही सकाळ फोटोच्या मागे जाते. कामाबद्दल बोलायचं ते राहूनच जातं.

तेव्हा पहिला धडा असा : हजेरी वेगळी आणि बैठक वेगळी. दोन्ही एकाच दमात उरकायला गेलात, की बैठकीची हजेरी होते. माणसं ओळीत उभी राहतात, आपलं नाव येईपर्यंत थांबतात, 'हो साहेब' म्हणतात आणि मनाने तिथून निघून जातात. ऑफिसातल्या स्टँडअपलाही हाच रोग लागतो. 'काल काय केलं, आज काय करणार' हे प्रत्येक जण मॅनेजरकडे तोंड करून सांगतो, बाकीचे मोबाइल बघत असतात. बाहेरून टीमची बैठक दिसते, आत मात्र मस्टर भरणं चाललेलं असतं.

आता दुसरी वाट, रेल्वेची. १८५५ मध्ये रेल्वे वासिंदपर्यंत आली, १८६० मध्ये आसनगावला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला. त्यापुढचा घाट, म्हणजे थळ घाट, १८६५ साली खुला झाला. ३७ फुटांना १ फूट असा चढ. इतक्या चढावर रूळ टाकणं हे मोठं काम होतंच, पण तेवढंच मोठं काम म्हणजे ते रोज जागेवर ठेवणं. पावसाळ्यात दरड येते, खडी वाहून जाते, रूळ तापतात, गारठतात. या कामासाठी रेल्वेने जी पद्धत बसवली ती म्हणजे गँग. ठरावीक लांबीचा रूळमार्ग, त्यावर ठरलेली माणसं, त्यांच्यावर एक मेट, आणि एक चावीवाला.

चावीवाला, म्हणजे कीमन, काय करतो? तो रोज आपल्या हद्दीतला मार्ग पायी तपासतो. हातोडा, पाना, लाल झेंडी आणि धोक्याचे फटाके बरोबर. ढिली चावी ठोकायची, सुटलेला बोल्ट आवळायचा. रूळ तुटलेला दिसला, तर आधी गाडी थांबवायची व्यवस्था करायची आणि मग कळवायचं. सगळ्या पद्धतीची मेख इथे आहे. पदाच्या उतरंडीत चावीवाला फार वर नाही. पण आज मार्ग कसा आहे, हे पायी फिरून आलेल्या त्या माणसालाच ठाऊक असतं. 'रूळ तुटलाय' असं तो म्हणाला, तर साहेबाच्या वेळापत्रकात काहीही असो, गाडी थांबते. त्याच्या शब्दाने दिवसाचा बेत बदलतो.

मेटचं कामही बघण्यासारखं आहे. काम सुरू होण्याआधी माणसं मोजायची आणि हत्यारं मोजायची. गाडी येतेय हे बघायला कुणाला उभं करायचं, ते ठरवायचं. शिट्टी झाली की कुणी कुठल्या बाजूला व्हायचं, ते सांगायचं. काम संपल्यावर पुन्हा माणसं मोजायची, पुन्हा हत्यारं मोजायची, कारण रुळावर राहिलेली एक पहार गाडी घसरवू शकते. इथेही मोजणी आहे, पण ती माणूस घरी परत जावा म्हणून केलेली मोजणी आहे. 'मुकादम' शब्दाचा मूळ अरबी अर्थ 'पुढे असलेला'. 'मेट' हा इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ सोबती. प्रत्येक मुकादम जुलमी आणि प्रत्येक मेट साधू, असं अर्थातच नाही. पण सकाळची बैठक घेणाऱ्याने कुठल्या शब्दाला जागायचं, हे ठरवता येतं.

दुसरा धडा : जागेवर जाऊन आलेल्या माणसाने आधी बोलायचं, आणि त्याच्या बोलण्याने बेत बदलायची तयारी ठेवायची. बेत बदलणारच नसेल तर बैठक कशाला? फळ्यावर लिहून ठेवलं तरी भागतं.

तिसरी वाट आपल्या सगळ्यांच्या शेतातून जाते. भाताची आवणी. पाऊस लागला, राब भाजलेल्या जागेत टाकलेली रोपं तयार झाली, की पंधरा-वीस दिवसांत सगळ्यांनाच माणसं हवी असतात आणि मजुरीला पैसे कुणाकडेच नसतात. मग शेजारी एकमेकांच्या शेतात जातात : आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. याला कुठे सावड म्हणतात, कुठे पैरा. उद्या कुणाचं शेत, हे आदल्या संध्याकाळी ठरलेलं असलं तरी सकाळी पाऊस बघून बदलतं. कुणाच्या खाचरात पाणी तुंबलंय, कुणाची रोपं पिवळी पडायला लागलीत, कुणाचे बैल मोकळे आहेत, हे सगळं बांधावर उभ्याउभ्या बोललं जातं. चिखलात बसणार कुठे!

सावडीत कायमचा साहेब नसतो. ज्याचं शेत, त्याचा दिवस. आज जो सांगतो, तो उद्या दुसऱ्याचं ऐकतो. त्यामुळे सांगणाऱ्याची भाषाही जपूनच असते, कारण उद्या त्यालाच दुसऱ्याच्या चिखलात उतरायचं असतं. सावडीत वाद होत नाहीत असं नाही; कोण किती दिवस आलं याचा हिशेब तिथेही राहतो आणि बायकांच्या वाट्याला वाकून लावणं जास्त येतं, हेही खरं. पण एक गुण घेण्यासारखा आहे. अडचण लपवून ठेवण्यात कुणाचाच फायदा नसतो. रोपं पिवळी पडलीत हे सांगितलं नाही, तर नुकसान आपलंच. म्हणून माणसं बोलतात. तिसरा धडा हा.

आता या तीन वाटा मनात ठेवून जरा जगाकडे बघू. १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी एक लेख लिहिला. नवी वस्तू बनवणारी चांगली टीम रग्बीच्या संघासारखी एकत्र पुढे सरकते, असं त्यांनी म्हटलं. रग्बीतल्या झोंबाझोंबीला 'स्क्रम' म्हणतात, तो शब्द तिथून उचलला गेला. अमेरिकेत १९९३ मध्ये जेफ सदरलँड यांनी सॉफ्टवेअरच्या कामात ही पद्धत आणली, १९९५ मध्ये त्यांनी आणि केन श्वेबर यांनी ती जाहीरपणे मांडली. रोज पंधरा मिनिटं, आणि तीन प्रश्न : काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. फेब्रुवारी २००१ मध्ये सतरा जणांनी मिळून एक जाहीरनामा काढला आणि ही रीत जगभर पसरली. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून ती आपल्या मुलांच्या कानावर आली.

गंमत अशी, की या पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेतून २०२० मध्ये ते तीन प्रश्न काढून टाकण्यात आले. बैठक कशी घ्यायची ते काम करणाऱ्यांनीच ठरवावं, असं आता ती सांगते. तिन्ही प्रश्न पाढे म्हटल्यासारखे म्हटले जातात, ही तक्रार तोपर्यंत सगळीकडे झालेली होती. आपल्या भाषेत सांगायचं तर सावड करायला निघाले होते, आणि ठिकठिकाणी मस्टर होऊन बसलं.

उभं राहण्याचं काय? १९९९ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पाच-पाच जणांचे शंभरावर गट घेतले, काहींनी बसून चर्चा केली, काहींनी उभ्याने. बसलेल्यांना ३४ टक्के जास्त वेळ लागला. निर्णयांच्या दर्जात मात्र फरक पडला नाही. म्हणजे उभं राहिल्याने वेळ वाचतो, शहाणपण वाढत नाही. तेव्हा ज्याचे गुडघे दुखतात, जी बाई गरोदर आहे, जो रात्रपाळी करून आलाय, त्याला खुशाल बसू द्या.

आता ज्यासाठी हा विषय घेतला, तिकडे येतो. १ ऑगस्ट २०२३. पहाटेच्या अंधारात शहापूर तालुक्यातल्या सरलांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम चालू असताना गर्डर उचलणारं प्रचंड यंत्र कोसळलं. वीस जण गेले. त्यांत मजूर होते आणि इंजिनिअरही होते. देशाच्या वेगवेगळ्या राज्यांतून पोटासाठी इथे आलेली माणसं. एखादी बैठक नीट झाली असती तर ते वाचले असते, असं म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि आम्ही तसं म्हणतही नाही. यंत्र का पडलं, हा तपासाचा प्रश्न. पण ती घटना घडली आपल्या तालुक्यात, आणि तिच्यानंतर 'सकाळची बैठक कशी घ्यावी' हा प्रश्न निव्वळ मॅनेजमेंटचा राहत नाही.

अशा कामावर एका टोळीत हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू बोलणारी माणसं असतात. सूचना एका भाषेत वाचली जाते, कागदावर सह्या-अंगठे होतात, आणि कागद फाइलला लागतो. सही झाली याचा अर्थ माणूस हजर होता. त्याला समजलं का? त्याला काही दिसलं होतं का, आणि ते सांगायला जागा होती का? भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगाराला धोका जाणवला, तर तो व्यवस्थापनाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क तिने दिला. पण 'मला हे ठीक वाटत नाही' हे वाक्य उच्चारायला कायद्याइतकाच रोजचा सराव लागतो. जो माणूस तीनशे सकाळी गप्प उभा राहिला, तो तीनशे एकाव्या सकाळी अचानक बोलेल, ही अपेक्षा फोल आहे.

मग आपल्याकडे, मुरबाडच्या कारखान्यात, आसनगावच्या गोदामात, बचत गटाच्या पापडाच्या कामात किंवा रोजगार हमीच्या बांधावर, ही बैठक घ्यायची कशी? इतिहासातून निघणाऱ्या चार-पाच गोष्टी सांगतो.

एक. हजेरी आधी उरकून घ्या आणि मग गोलात उभे राहा. ओळ केली की सगळे साहेबाकडे बघतात, गोल केला की एकमेकांकडे.

दोन. वेळ ठरवताना सगळ्यात लांबून येणाऱ्याचा विचार करा. मुरबाडमध्ये रेल्वे नाही; टोकावड्याहून येणारी बाई एसटीवर अवलंबून आहे. कसारा लोकल उशिरा आली की अर्धी टीम उशिरा. साडेआठला बैठक आणि एसटी आठ चाळीसला, तर ती बाई रोज अपराधी ठरते आणि तिच्याकडची माहिती रोज बुडते.

तीन. सगळ्यात कनिष्ठ, सगळ्यात नव्या माणसाला आधी बोलू द्या आणि प्रमुखाने शेवटी बोला. प्रमुखाने आधी मत दिलं, की बाकीचे त्याला मान डोलावतात. बोलणाऱ्याची भाषा वेगळी असेल, तर त्याच्या शेजारच्याला सांगा : तो काय म्हणाला, ते आम्हाला सांग.

चार. अडचण निघाली की तिथे तिचा कीस काढू नका. कोण बघणार आणि कधीपर्यंत, एवढं फळ्यावर लिहा; ज्यांचा संबंध आहे ते दोघं-तिघं नंतर थांबतील. आणि दुसऱ्या दिवशीची सुरुवात त्याच ओळीने करा : काल बिजूने पट्टा घासतोय म्हणून सांगितलं होतं, त्याचं काय झालं? यावर उत्तर मिळालं, तर बिजू पुन्हा बोलेल. चार दिवस उत्तर नाही मिळालं, तर तो गप्प होईल आणि त्याच्याबरोबर बाकीचेही.

पाच. त्या गोलात कुणाला झापू नका. चूक एकट्याला बाजूला घेऊन सांगा. चावीवाल्याने तुटका रूळ दाखवला म्हणून त्यालाच दंड झाला, तर उद्या त्याला रूळ दिसणार नाही.

आणि अधूनमधून बैठक दुसऱ्या कुणाला घेऊ द्या. सावडीसारखं. ज्याचं त्या दिवशीचं मुख्य काम, त्याची बैठक.

यांतली एकही गोष्ट खर्चाची नाही. पण प्रमुखाला ती जड जाते, कारण दहा मिनिटं त्याला ऐकून घ्यावं लागतं आणि कधीकधी रात्री मनात ठरवलेला बेत सकाळी मोडावा लागतो. वेठीच्या सकाळपासून आजवर या भागातल्या कष्टकऱ्याने आपलं नाव कागदावर यावं म्हणून मोठा झगडा केला. नाव कागदावर आलं. आता त्याचं म्हणणं कामात उतरायला हवं, आणि ते काम तुमच्या-आमच्यापैकी जे कुणी सकाळी चार माणसांसमोर उभे राहतात, त्यांचं आहे.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ, आणि मागे बसलेल्यांपासून सुरुवात करू.